पर्यावरणाचा अभ्यास करताना पद्धत निवडण्यातल्या या चुका टाळा

मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे पर्यावरणविषयक प्रकल्प मी अनेक वर्षे तपासत आले आहे. जे अहवाल फसतात, ते बहुधा प्रयोगशाळेत किंवा आकडेमोडीत फसलेले नसतात. पद्धत ठरवली त्या पहिल्याच दिवशी ते फसलेले असतात. हाताशी असलेले उपकरण आधी उचलायचे आणि त्याने जे मोजता येईल त्यावरून प्रश्न बेतायचा, हा उलटा क्रम मला दरवर्षी नव्याने दिसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घड्याळ पाहून खाडीच्या पाण्याचे नमुने घेणे. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळते, आणि तिच्या खालच्या भागात भरतीचे पाणी आत शिरते. एका गटाने माहीमकडच्या एका पुलावरून आठ रविवार, बरोबर सकाळी अकरा वाजता नमुने घेतले. वार आणि वेळ एकच ठेवली म्हणजे तुलना निर्दोष झाली, असे त्यांना वाटत होते. विरघळलेल्या प्राणवायूचा आलेख मात्र करवतीच्या दात्यांसारखा निघाला: एका रविवारी वर, पुढच्या रविवारी खाली. यावरून त्यांनी काठावरचे कारखाने आठवड्याआड सांडपाणी सोडतात असा निष्कर्ष काढला आणि त्यावर चार पाने लिहिली. खरे कारण असे की भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे सात दिवसांत ती जवळजवळ सहा तासांनी सरकते, आणि ज्या घटकेला गेल्या रविवारी भरती होती त्याच घटकेला या रविवारी ओहोटी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी अकराला मुंबईत भरती जवळजवळ पूर्ण झालेली असते आणि अष्टमीच्या सुमारास त्याच वेळी ओहोटी. म्हणजे त्या मुलांनी एका रविवारी समुद्र मोजला आणि दुसऱ्या रविवारी नदी. मी क्षारतेच्या नोंदी मागितल्या, तर त्या घेतलेल्याच नव्हत्या. पाणी किती खारे आहे हे विद्युतवाहकतेवरून सांगणारे उपकरण कपाटात पडून होते. वाहून गेलेले पाणी परत मोजता येत नसल्यामुळे आठही आठवडे वाया गेले. मुलांनी कष्ट मनापासून केले होते, म्हणून ही गोष्ट मला अजूनही लागते.

माझी स्वतःची सवय अशी आहे की खाडीवर जायचा दिवस ठरवताना मी आधी तिथी पाहते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. मग छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून मी नेमकी वेळ घेते. नदीतून काय वाहत येते हे पाहायचे असेल, तर ओहोटीच्या अखेरच्या टप्प्यात नमुना घ्यावा आणि बाटली भरण्याआधी पाण्याची वाहकता नोंदवावी. काम सुरू करण्यापूर्वी एक पूर्ण दिवस त्याच जागी बसून तेरा तास दर तासाला मोजणी करावी. हे कंटाळवाणे आहे, पण ज्याला एवढा धीर नाही त्याने खाडीचा विषय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राणवायूचा नमुना बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरून तिथेच रसायने घालून स्थिर करावा. लोकलने प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातला आकडा बदललेला असतो.

दुसरी चूक प्रश्नावलीची. ती सोपी वाटते म्हणून निवडली जाते, आणि मग देवनारच्या कचराभूमीजवळच्या वस्तीत भर दुपारी जाऊन ‘धुरामुळे तुम्हाला श्वसनाचा त्रास होतो का?’ असे विचारले जाते. या प्रश्नात उत्तर आधीच घातलेले आहे, आणि जे दिवसभर कचरा वेचतात ते त्या वेळी घरी नसतात. मी धुराचे नावही न घेता ‘गेल्या पंधरा दिवसांत खोकल्यामुळे किती रात्री झोपमोड झाली?’ असे विचारते, संध्याकाळी जाते, आणि तशाच राहणीच्या पण कचराभूमीपासून दूर असलेल्या वस्तीतही तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारते. कोळीवाड्यात तर छापील प्रश्नावली नेऊच नये. ‘मासे कमी झाले का?’ या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. डोल जाळ्यात कोणत्या महिन्यात बोंबील किती पाट्या मिळत आणि आता किती मिळतो, हे विचारत शांतपणे बसले की उपयोगी माहिती हाती येते.

हवेसाठी स्वस्त संवेदक वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तो विखुरलेल्या प्रकाशावरून धूलिकण मोजतो आणि दमट हवेत ओलावा शोषून फुगलेले कण त्याला अधिक वाटतात. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर तो हवा मोजणाऱ्या अधिकृत केंद्राशेजारी पंधरा पंधरा दिवस ठेवावा. पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धूलिकणांची, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीसाठी आहे. सिग्नलवरच्या अर्ध्या तासाच्या आकड्याची तिच्याशी तुलना करू नये.

आवाज मोजताना डेसिबलची साधी सरासरी काढू नये: सारख्याच वेळेच्या ६० आणि ८० डेसिबलची सरासरी ७० नव्हे, सुमारे ७७ येते.

उपग्रहाच्या चित्रांवरून शहरातली उष्णता दाखवणारे नकाशे हल्ली प्रत्येक प्रकल्पात असतात. लँडसॅट हा उपग्रह सकाळच्या वेळी येथून जातो आणि हवेचे नव्हे, पृष्ठभागाचे तापमान टिपतो, पावसाळ्यात तर ढगांमुळे तेही हाती लागत नाही. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत स्वयंपाक करणाऱ्या बाईला किती उकाडा सोसावा लागतो, हा प्रश्न असेल, तर तिच्या परवानगीने त्या खोलीत तापमापी टांगून एप्रिल-मे असे दोन महिने नोंदी घ्याव्या लागतात.