मिसिसिपी जॉन हर्टचा अंगठा: त्याची गिटार हातात कशी बसवावी

आधी उजव्या हाताचा अंगठा. डावा हात, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांसाठी बोटांनी धरलेला आकार), शब्द, चाल हे सगळं मागून. मिसिसिपी जॉन हर्ट या अमेरिकन ब्लूज गायक-वादकाची गिटार शिकायची असेल तर क्रम हाच ठेवा, कारण त्याच्या वाजवण्यात ठेका अंगठा धरतो आणि गाणं तर्जनी आणि मधलं बोट म्हणतात. बहुतेक शिकणारे उलटीकडून सुरुवात करतात. बोटांचं नक्षीकाम आधी घोटतात, ठेका काही केल्या येत नाही, आणि महिन्याभरात गिटार कपाटावर जाते.

हर्टचं जगणं खान्देशात फारसं समजावून सांगावं लागणार नाही. ॲव्हलॉन हे अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं, कॅरल काउंटीतलं लहानसं गाव, कपाशीच्या मुलखातलं. हर्टची हयात तिथे दुसऱ्याच्या रानात बटाईने राबण्यात गेली. नऊ वर्षांचा असताना गिटार हातात आली आणि ती तो आपली आपण शिकला. गावच्या नाचाच्या कार्यक्रमांना तो वाजवायचा, कधी विली नार्मर या फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवणाऱ्याच्या जोडीला. नाचणाऱ्यांच्या पायांना ठेका लागतो, आणि ढोल धरायला कुणी नसलं की ते काम अंगठ्यालाच करावं लागतं. नार्मरनेच ओके या रेकॉर्ड कंपनीकडे त्याचं नाव सुचवलं. १९२८च्या फेब्रुवारीत मेम्फिसला आणि डिसेंबरात न्यूयॉर्कला त्याचं ध्वनिमुद्रण झालं. नावाआधी ‘मिसिसिपी’ कंपनीने लावलं. मग मंदी आली, रेकॉर्डचा धंदा बसला आणि हर्ट पुन्हा शेतात गेला. न्यूयॉर्कच्या त्या मुद्रणात त्याने एका गाण्यात आपल्या गावाचं नाव घातलं होतं. त्या एका नावावरून जुन्या तबकड्यांचा शौकीन टॉम हॉस्किन्स १९६३ साली त्याच्या दारात पोहोचला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हर्ट हजारो लोकांपुढे वाजवत होता. २ नोव्हेंबर १९६६ला तो गेला. म्हणजे त्याला नाव मिळालं ते शेवटच्या तीन-साडेतीन वर्षांत.

ऐकताना हे दोन काळ वेगळे ठेवा. १९२८ची मुद्रणं वेगवान आहेत, नंतरची संथ. नवशिक्याने नंतरच्यांपासून सुरुवात करावी. जुन्या तबकड्यांचा फिरण्याचा वेग नेमका नसे, त्यामुळे त्यांचा सूर तुमच्या ट्यूनरशी (तारेचा सूर दाखवणाऱ्या उपकरणाशी) जुळेलच असं नाही. ‘आपली गिटार बेसूर आहे’ असं वाटून तारा ताणत बसू नका. अमेरिकन लोकगायक पीट सीगरच्या ‘रेनबो क्वेस्ट’ या दूरचित्रवाणी मालिकेत हर्ट येऊन गेला आहे. ते चित्रीकरण यूट्यूबवर ०.७५ वेगाने लावा, आवाज बंद करा आणि फक्त उजवा अंगठा बघा. पाच मिनिटं दुसरं काही बघायचं नाही.

वाद्य म्हणाल तर स्टीलच्या तारांची साधी अकूस्टिक गिटार पुरे. न्यूपोर्टनंतर हर्ट स्वतः गिल्ड कंपनीची एफ-३० ही आटोपशीर आकाराची गिटार वाजवत असे. मोठ्या पोटाच्या गिटारीचा हट्ट नको. घेताना शाळेची मोजपट्टी सोबत न्या. बाराव्या पट्टीवर (पट्टी म्हणजे गळ्यावर आडवी बसवलेली धातूची कड, फ्रेट) सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेची उंची साधारण २.५ मिलिमीटर आणि पहिलीची २ मिलिमीटरच्या आसपास असावी. ४ मिलिमीटर भरली तर ती गिटार तुमची बोटं फोडेल. गळ्याची रुंदी वरच्या टोकाला ४३ मिलिमीटर बरी, कारण पुढे डाव्या अंगठ्याने वरून तार दाबायची आहे. तारा ०.०१२च्या संचाच्या (पहिल्या तारेची जाडी, इंचांत) किंवा त्याहून हलक्या ०.०११च्या घ्या.

आता आपल्या हवेबद्दल, कारण खान्देशात गिटारी वाजवून कमी आणि उन्हाळ्याने जास्त मरतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवेत ओल राहत नाही. गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. हवा त्याखाली गेली की वरची फळी खाली बसते, तारा पट्ट्यांना घासून कर्रकर्र करू लागतात, आणि गळ्याच्या कडेला हात फिरवला तर पट्ट्यांची टोकं टोचतात. टोकं टोचू लागली की समजावं, लाकूड सुकतंय. पुढची पायरी म्हणजे तडा.

उपाय घरातलाच आहे. प्लॅस्टिकच्या साबणदाणीला वरून आठ-दहा भोकं पाडा. त्यात भिजवून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, पाणी टपकता कामा नये. ही डबी केसमध्ये गळ्याच्या बाजूला ठेवून केस बंद करा. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी स्पंज ओला करायचा. कूलरच्या झोतासमोर गिटार कधी ठेवू नका. कूलर चालू असतो तोवर लाकूड ओल पितं, वीज गेली की पुन्हा सुकतं, आणि हे रोजचं फुगणं-आकसणं नुसत्या कोरड्या हवेपेक्षा वाईट. पत्र्याखालच्या खोलीत किंवा धाब्याला लागलेल्या कपाटावरही नको. पावसाळ्यात सगळं उलट होतं: फळी फुगते, तारा उंच होतात, गंज चढतो. तेव्हा स्पंज काढून टाका आणि वाजवून झाल्यावर जुन्या धोतराच्या फडक्याने तारा खालून-वरून पुसा. बोटांना खोबरेल लावून वाजवायला बसू नका, नव्या तारा आठवड्यात मुक्या होतात.

आता अंगठा. अनामिका आणि करंगळी गिटारीच्या फळीवर हलकेच टेकवा. अंगठा तर्जनीच्या पुढे, गळ्याच्या दिशेला बाहेर राहिला पाहिजे. तो तळहाताच्या आत वळला की बोटांवर आपटतो, आणि ही खोड एकदा लागली की सुटता सुटत नाही. डाव्या हाताने सी कॉर्ड धरा: अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत, मधलं बोट चौथीवर दुसऱ्या पट्टीत, तर्जनी दुसरीवर पहिल्या पट्टीत. आता अंगठ्याने पाचवी, चौथी, पाचवी, चौथी. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६०वर लावा आणि प्रत्येक टिकेला एक आघात द्या. पहिले तीन-चार दिवस एवढंच, रोज वीस मिनिटं.

हात बसला की नाही हे ओळखायची एक खात्रीची परीक्षा आहे. अंगठा चालू ठेवून घरातल्या माणसाशी बोला. ‘भाकरी झाली का’, ‘मोटर बंद केली का’, काहीही. बोलताना ठेका अडखळला तर बोटं आणायची वेळ झालेली नाही. गाणारा हर्ट नेमकं हेच करत होता: तोंड एकीकडे, अंगठा आपल्या वाटेने.

मग बोटं. मात्रा ‘एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि’ अशी मोठ्याने मोजा. अंगठा फक्त आकड्यांवर पडतो. ‘एक’वर पाचवी तार अंगठ्याने आणि पहिली तार मधल्या बोटाने एकदम, चिमटीसारखी. ‘दोन’वर चौथी. दोननंतरच्या ‘आणि’वर तर्जनीने दुसरी तार. ‘तीन’वर पुन्हा पाचवी, त्यानंतरच्या ‘आणि’वर मधल्या बोटाने पहिली, ‘चार’वर चौथी. पहिला आणि शेवटचा ‘आणि’ रिकामा. इथे घोडं हमखास पेंड खातं: ‘आणि’वर बोट आलं की अंगठा थबकतो. वेग ५०वर आणा, ‘दोन-आणि-तीन’ एवढाच तुकडा पन्नास वेळा घोटा, मगच पूर्ण आवर्तन. वेग वाढवताना एका वेळी ५नेच वाढवा. अंगठा जोरात मारू नका. हर्टचा आवाज आणि हात दोन्ही मवाळ आहेत, शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतपत.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोटांची टोकं बोंडाच्या वाळलेल्या कडांनी ओरबाडलेली असतात. अशा बोटांनी स्टीलची तार दाबली तर चीर खोल जाते आणि पंधरा दिवस वाया जातात. त्या काळात डावा हात पूर्ण सोडा. मोकळ्या तारांवर अंगठ्याचा ठेका घोटा, तो कधीच वाया जात नाही.

पुढच्या दोन कॉर्ड म्हणजे जी-सेव्हन आणि एफ. जी-सेव्हनला अनामिका सहावीवर तिसऱ्या पट्टीत, मधलं बोट पाचवीवर दुसऱ्या पट्टीत, तर्जनी पहिलीवर पहिल्या पट्टीत, आणि अंगठा सहावी-चौथी-सहावी-चौथी. एफला मात्र नवशिके हात टेकतात, कारण शिकवणीत ती सहाही तारांवर तर्जनी आडवी टाकून शिकवतात. इथे तशी गरज नाही. डाव्या अंगठ्याने गळ्यावरून येऊन सहावी तार पहिल्या पट्टीत दाबा, तर्जनी पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर पहिल्या पट्टीत, मधलं बोट तिसरीवर दुसऱ्या पट्टीत, अनामिका चौथीवर तिसऱ्या पट्टीत. ठेका सहावी-चौथीचाच. अंगठा पोहोचत नसेल तर सहावी सोडून चौथी-तिसरी वाजवा, तेही चालतं. कॉर्ड बदलताना सगळी बोटं एकदम बसवायची धडपड करू नका. ‘एक’वर जी तार वाजणार, त्या तारेवरचं बोट आधी बसवा, बाकीची अर्ध्या मात्रेने आली तरी ऐकणाऱ्याला कळत नाही.

चाल वाजवायची ती अशी. सी कॉर्डमध्ये सा दुसऱ्या तारेच्या पहिल्या पट्टीत, रे त्याच तारेच्या तिसऱ्या पट्टीत, ग मोकळी पहिली तार, म पहिलीची पहिली पट्टी, प पहिलीची तिसरी. खाली उतरताना नी म्हणजे मोकळी दुसरी तार, ध तिसरीची दुसरी पट्टी, मंद्र प मोकळी तिसरी. आधी चालीचा प्रत्येक सूर अंगठ्याच्या आघातासोबत चिमटीने घ्या. ऐकायला सरळसोट वाटेल, वाटू द्या. ते पाठ झालं की दोन-तीन सूर निवडून अर्धी मात्रा आधी, मागच्या ‘आणि’वर वाजवा. हर्टच्या गाण्यातली ती उडी येते ती एवढ्यानेच. सगळे सूर आधी ढकलले तर उडी राहत नाही, नुसती घाई होते.

हर्टने आपल्या गावाचं नाव गाण्यात घातलं, मग आपणही या ठेक्यावर आपलीच बोली बसवावी. जात्यावरच्या आठ-आठ अक्षरांच्या ओवीचं वजन याला फार सोयीचं आहे. सरावासाठी ही अहिराणी ओळ घ्या: ‘मना बापना मळामा, बोंड पांढरं फुटनं’. अंगठ्याच्या एका आघाताला एक अक्षर. ‘म-ना-बा-प’ सी कॉर्डवर, ‘ना-म-ळा-मा’ एफवर, ‘बों-ड-पां-ढ’ जी-सेव्हनवर, ‘रं-फु-ट-नं’ परत सीवर. चार आवर्तनांत सोळा अक्षरं बसली. ‘प’, ‘ड’, ‘ढ’, ‘ट’ ही अक्षरं बोलताना अर्धी होतात, गाताना पूर्ण म्हणा, नाहीतर मात्रा गळते आणि अंगठा पुढे निघून जातो. आखाजीच्या झोक्याची जी गाणी तीन-तीनच्या हिंदोळ्यात आहेत त्यांना हा चारचा ठेका लावू नका, मोडतील. तिथे अंगठा पाचवी-चौथी-चौथी असा फिरवा.

गाणाऱ्याच्या आवाजाची पट्टी कॅपोने, म्हणजे गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याने, साधा. कॉर्डचे आकार सीचेच ठेवून कॅपो पहिल्या पट्टीत लावला की काळी एक, दुसऱ्यात पांढरी दोन, पाचव्यात पांढरी चार. कॅपो पट्टीच्या अगदी मागे, चिकटून लावा. दोन पट्ट्यांच्या मधोमध लावला तर जाड तारा चढ्या बोलतात. लावल्यावर सहावी आणि पाचवी पुन्हा ट्यूनरवर तपासा, कारण ठेका त्याच दोन तारांवर आहे आणि त्या जरा जरी चढल्या तरी गाणारा सुरात असूनही बेसूर वाटतो.