गॅस न पेटवता चीजचे स्टार्टर करताय? मग या चुका टाळा, माझ्या सगळ्या करून झाल्यात

गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, आमच्याकडं पाहुणे ठरलेले असतात. अक्षता सोहळा बघायचा, ऊन चढलं की आमच्याकडं येऊन टेकायचं, संध्याकाळी पोरांना घेऊन होम मैदानावर पाळण्यात बसायला जायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून हळदीकुंकवाच्या बायका सुरू. भोगीची भाजी, बाजरीच्या भाकऱ्या, तिळाच्या पोळ्या एवढं झाल्यावर गॅससमोर परत उभं राहायची माझी तरी इच्छा नसते, म्हणून मागच्या वर्षी मोबाईलवर बघून ठरवलं की चीज बॉल करायचा, गॅस नाही काही नाही, दहा मिनिटांचं काम. चीज स्प्रेडचे दोन डबे घेतले, थोडं चीज किसून घातलं, मिरपूड घातली, हाताला तूप लावून गोळा केला आणि तिळात घोळवून ताटात मधोमध ठेवला. दिसायला झकास. वीस मिनिटांत तो गोळा बसला, मग पसरला, मग तीळ त्याच्यावर तरंगल्यासारखे दिसायला लागले आणि नणंदेचा पोरगा सगळ्यांसमोर ओरडला, "ए, आईस्क्रीम वितळलालंय बे!"

तर तिथून शिकत गेले. गॅस नसला की काम सोपं वाटतं, पण गॅसवर बिघडलेलं आटवता येतं, परतता येतं, इथं तसं काही करता येत नाही. इथं जे काय करायचं ते फ्रिज आणि घड्याळ करतं. आणि बहुतेक रेसिप्या थंड देशातल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात, आपलं सोलापूर जानेवारीतसुद्धा दुपारी तिशीला टेकतं, हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात मोठी चूक: स्प्रेड, क्रीम चीज आणि चक्का एकच समजणं

चीज स्प्रेड हे मुळात मऊ राहावं म्हणूनच बनवलेलं असतं, त्यात पाणी जास्त असतं आणि ते फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं तरी ब्रेडला लावता येईल असंच राहतं. त्याचा गोळा उभा राहणारच नाही, तुम्ही काहीही करा. क्रीम चीज थंड झालं की घट्ट बसतं, त्याचा बॉल होतो. पण ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाही, मोठ्या सुपरमार्केटात बघावं लागतं, आणि महागही पडतं.

मी आता सरळ चक्का वापरते. डेअरीतून श्रीखंडासाठी आणतो तोच, बिनसाखरेचा. २०० ग्रॅम चक्का आणि प्रोसेस्ड चीजचे ६ क्यूब बारीक किसून (अमूलचा क्यूब २५ ग्रॅमचा असतो, म्हणजे १५० ग्रॅम झालं), वर दोन चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट, मिरपूड, बास. कूट चवीपेक्षा पाणी शोषायला जास्त कामाला येतो. हे मळून डब्यात घालून किमान दोन-तीन तास फ्रिजमध्ये. मग गोळा करा. आधी गोळा करून मग फ्रिजमध्ये ठेवला तर खालून चपटा होतो, आणि मऊ असताना हाताला निम्मं चिकटतं ते वेगळंच.

चक्का घरी बांधणार असाल तर एक सांगते, आपली आई-सासू पंच्यात दही बांधून नळाला लटकवायच्या, श्रीखंडाला ते चालतं कारण साखर आंबटपणा झाकते. इथं साखर नाहीये. बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं आणि खारट चीजबरोबर ते ताकात चीज पडल्यासारखं लागतं. म्हणून चाळणीत पंचा, त्यात दही, वर वजन म्हणून छोटा खलबत्ता किंवा पाण्याची बाटली, खाली पातेलं आणि सगळं फ्रिजमध्ये रात्रभर. झालाय का ते कसं बघायचं? टिश्यूवर चमचाभर चक्का ठेवा. दोन मिनिटांनी उचला. खाली ओला गोल पसरला असेल तर अजून पाणी आहे, नुसता डाग उठला असेल तर झालाय.

फ्रिजमधून कधी काढायचं

परदेशी रेसिपीत हमखास लिहिलेलं असतं की चीज खायच्या तासभर आधी बाहेर काढा. कारण बरोबर आहे, गार चीजला चव लागत नाही, फॅट गोठलेलं असतं. पण त्यांची खोली वीस डिग्रीची. आपल्याकडं क्यूब किंवा चेडरसारखं घट्ट चीज असेल तर वीस मिनिटं खूप झाली, चक्क्याचं किंवा क्रीम चीजचं असेल तर दहा-पंधरा. त्याच्यापुढं चीजला घाम येतो. खरंच घाम, वर बारीक थेंब दिसतात, ते तेल असतं, आणि मग कितीही टिपलं तरी ते चीज रबरासारखं दिसतं.

आणि किती वेळ बाहेर ठेवायचं याचाही नियम आहे, मऊ चीज, चक्का, पनीर असलं काही दोन तासांच्या वर बाहेर नको, आणि हवा ३२ डिग्रीच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे ऑक्टोबर हीटमधली दिवाळी असेल तर एकच तास धरा. आमच्याकडं पाहुणे "निघालो, निघालो" म्हणत दीड तासानं येतात (गड्ड्याच्या गर्दीत कोण वेळेवर येतंय), त्यामुळं मी दोन ताटं करते. एक बाहेर, एक फ्रिजमध्ये. पहिलं संपलं की दुसरं. पहिल्या ताटातलं उरलेलं दुसऱ्यात मिसळायचं नाही, इथं काटकसर करू नका.

किती लागतं हा प्रश्न नेहमी येतो. पुढं जेवण असेल तर माणशी ३० ग्रॅमच्या आसपास चीज धरा, म्हणजे एक क्यूब आणि वर थोडं. मी पहिल्या वेळी माणशी चार क्यूब धरले होते. कुणी जेवलंच नाही, भोगीची भाजी दुसऱ्या दिवशी आम्हीच खाल्ली.

बिस्किटं मऊ पडतात? मग बिस्किटं घेताच कशाला

हे मला आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक. क्रॅकर म्हणून ती मैद्याची खारी बिस्किटं आणायची, चक्क्याचं मिश्रण लावायचं आणि पाच मिनिटांत ती लगदा होतात म्हणून रडत बसायचं. आपल्या घरात कडक भाकरी असते की! मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, सोलापूरची कडक भाकरी पुण्या-मुंबईची माणसं पिशव्या भरून नेतात, आणि आपण पाहुण्यांसमोर पाकिटातली बिस्किटं मांडतो.

पण तिच्यातही चुका होतात. कडक भाकरी सुरीनं कापायला जाऊ नका, चुरा होतो. हातानं मोडा, वाकडेतिकडे तुकडे आले तर येऊ दे, तेच छान दिसतात. आणि क्रम महत्त्वाचा. आधी भाकरीचा तुकडा, त्यावर चीजचा पातळ काप, त्यावर चमचाभर चक्का, त्यावर चिमूट शेंगा चटणी, वर डाळिंबाचे चार दाणे. चीजच्या कापात पाणी कमी आणि फॅट जास्त, त्यामुळं तो मध्ये भिंतीसारखा बसतो आणि चक्क्याचं पाणी भाकरीपर्यंत लवकर पोचत नाही. उलटं केलंत, म्हणजे चक्का थेट भाकरीवर, तर कडक भाकरी वातड होते आणि मग दातानं ओढत बसा. तरीही हे आधी लावून ठेवायचं काम नाही. पाहुणे चपला काढायला लागले की लावायला घ्या.

शेंगा चटणीचं अजून एक. आपली चटणी कुटून कुटून तेल सुटलेली असते, ते तेल चीजवर गेलं की वरचं सगळं घसरतं. म्हणून चटणी चक्क्यावर, चीजवर नाही. आणि तिच्यात मीठ असतं, चीजमध्ये मीठ असतं, तुम्ही मिश्रणात परत मीठ घातलं तर संपलं. मी घातलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेतला.

पिझ्झा चीज कच्चं देऊ नका

मोझरेलाचा तो पिझ्झासाठीचा ब्लॉक वितळवून खायचा असतो. कच्चा खाल्ला तर खोडरबर. आणि पाकिटातलं आधीच किसलेलं चीज चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेलं असतं, त्याचा गोळा नीट बांधत नाही, स्वतः किसा, तेही चीज गार असताना. पाकिटावर ॲनालॉग असं लिहिलंय का तेवढं बघा, म्हणजे त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असू शकतं. खाऊ नका असं मी म्हणत नाही पण चीजच्या पैशात ते घेऊ नका.

लेबल बघायचं दुसरंही कारण आहे. आमच्या गल्लीत लिंगायत आहेत, जैन आहेत, पद्मशाली आहेत, सगळी मिळून हळदीकुंकवाला. काही परदेशी चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं (दूध घट्ट करणाऱ्या पदार्थानं) बनवतात, अस्सल पार्मेसान त्यातलंच, ते शाकाहारी माणसाला चालत नाही. भारतातल्या पाकिटावर हिरवा ठिपका असला की प्रश्न मिटला. आणि जैन पाहुण्यांसाठी शेंगा चटणी लसणाशिवायची वेगळी ठेवा, आणि ती कुठली ते तोंडानं सांगा. चमचाही वेगळा हवा, हे मला एका काकूंनी फार प्रेमानं आणि सगळ्यांसमोर समजावलंय.

सजावटीत होणारी गडबड

डाळिंब आपल्याकडं सांगोल्याकडचं भगवा, दाणे इतके गडद लाल की पांढऱ्या चक्क्यावर सणाचा रंग आपोआप येतो. पण दाणे सोलले की तसेच टाकू नका, रस सुटतो आणि पांढऱ्यावर गुलाबी ओघळ उतरतात, जखम झाल्यासारखे दिसतात. सोलून सुती कापडावर दहा मिनिटं पसरा, फुटलेले दाणे खाऊन टाका, कोरडे तेवढे लावा.

तीळ संक्रांतीमुळं घरात भाजलेले असतातच, तेच घ्या. फक्त आदल्या रात्री लावून ठेवू नका, रात्रभरात ओल धरतात आणि कुरकुरीतपणा जातो. दाणे, काजू, बेदाणे काही लावायचं तर तेही अगदी शेवटी.

ओला हरभरा या दिवसांत मंडईत ढिगानं असतो, सुगडात घालायला आणतोच. त्याचे सोले जाडसर कुटून चीजमध्ये मिसळले तर हिरवा रंग येतो आणि चव अशी येते की लोक विचारतात यात काय घातलंय. जास्त कुटू नका, पाणी सुटतं.

टूथपिकला चीज आणि द्राक्ष लावणार असाल तर लहान पोरांसाठी द्राक्ष उभं चिरून द्या, अख्खं घशात अडकू शकतं. आणि त्यांच्या ताटलीत टूथपिक नकोच.

चक्क्याचा रोल करून चकत्या पाडायच्या असतील तर सुरी दाबली की त्या चपट्या होतात. कोरा शिवणाचा दोरा घ्या, खालून सरकवा, वर दोन्ही टोकं एकमेकांवरून ओढा. सुरेख गोल चकती. आमच्या घरी दोऱ्याला काय तोटा, सासरे यंत्रमागावर होते.

तरी बिघडलंच तर

गोळा मऊ पडला तर अर्धा तास फ्रिजरमध्ये ठेवा, पण रात्रभर नाही, गोठलेलं चीज नंतर भुसभुशीत होऊन तुटतं. तरीही उभा राहिला नाही तर वाटीत काढा, वरून तीळ टाका, शेजारी गाजराचे तुकडे आणि कडक भाकरी ठेवा आणि डिप म्हणून सांगा.

क्रीम चीजमध्ये गुठळ्या राहिल्या तर ते फार गार असताना फेटलंय. भांडं कोमट पाण्यात पाच मिनिटं बसवा, मग फेटा. खारट झालं तर अजून चक्का, नाहीतर वरून काकवीची धार. काकवी आणि चीज ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं, पण मिरपुडीबरोबर फार छान लागतं आणि मध आणायची गरज उरत नाही.

चीजच्या कडा वाळून पिवळ्या झाल्या तर उघडं ठेवलं होतं, तेवढी कड काढून टाका. फ्रिजमधल्या कांद्याचा वास लागला असेल तर मात्र काही होत नाही, तो जात नाही. पुढच्या वेळी बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मोगऱ्याचा गजरा त्याच फ्रिजमध्ये ठेवू नका. हळदीकुंकवाच्या दिवशी गजरे आणि चीज एकाच कप्प्यात होते आमच्याकडं, त्या दिवशीचं चीज खाल्लेल्या बायका अजून आठवण काढतात.