‘दल्हि गाथकळ’ मुंबईच्या वाचनकट्ट्यावर वाचायची तर

एम. मुकुंदन यांची ही कादंबरी निवडण्याआधी कट्ट्यावरच्या मंडळींना एक गोष्ट सांगून टाका. पुस्तक पाचशे पानांच्या वरचं आहे, आणि डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये उभ्याने, एका हातात धरून ते वाचता येत नाही. मूळ मल्याळम कादंबरी २०११ची. फातिमा ई. व्ही. आणि नंदकुमार के. यांचा इंग्रजी अनुवाद २०२०मध्ये आला आणि त्याला २०२१चं जेसीबी पारितोषिक मिळालं. हा अनुवाद हातात असलेल्या आठ-दहा मराठी वाचकांसाठी पुढचं सगळं आहे.

‘महिन्याभरात संपवू’ असं ठरवलं की दुसऱ्या बैठकीला निम्मे लोक येत नाहीत. रोज सहा पानं आणि दर पंधरा दिवसांनी एक बैठक धरा. सहा बैठका, म्हणजे तीन महिने. ज्याला वेळ मिळेल त्याने रविवारी उरलेलं भरून काढावं.

पानांचे मात्र सहा सारखे तुकडे पाडू नका. विशीतला सहदेवन १९५९ साली केरळातून दिल्लीत येतो आणि तिथून अडीच दशकांचा पट सुरू होतो. त्यात चीनचं युद्ध, पाकिस्तानशी दोन युद्धं, आणीबाणी आणि १९८४ची शीखविरोधी हिंसा येते. बैठका या वळणांवर थांबवा. पहिली बैठक चीनच्या हल्ल्यावर संपली पाहिजे. सहदेवनला दिल्लीत आधार देणारा श्रीधरनुण्णी कामगार संघटनेत रमलेला आहे, पक्का कम्युनिस्ट आहे, आणि चीनवर त्याचा जीव आहे. त्या चीननेच हल्ला केल्याची बातमी त्याला सोसत नाही. पाठीमागे राहतात बायको देवी आणि दोन मुलं, विद्या आणि सत्यनाथन. युद्धाची बातमी एका घराच्या उंबऱ्यातून आत येते, ती अशी. जी मंडळी पुढचं वाचून येतात त्यांनी पहिल्या बैठकीत तोंड बंद ठेवायचं, हा नियम आधीच करून ठेवा.

आता नावं. कट्टा सर्वांत जास्त अडखळतो तो इथेच, आणि कारण साधं आहे. मल्याळम नावं रोमन लिपीत ज्या रीतीने लिहितात ती आपल्या सवयीची नाही. तिथे ‘टीएच’ म्हणजे ‘त’, त्यामुळे ‘ललिथा’ नव्हे, ललिता. ‘एनएच’ म्हणजे ‘ञ्ञ’, म्हणून पत्रकाराचं नाव ‘कुन्हीकृष्णन’ नाही, कुञ्ञिकृष्णन. कुञ्ञि म्हणजे लहान, उण्णि म्हणजे बाळ. आपल्याकडच्या बाळकृष्ण, बाळासाहेब या नावांशी हे जोडून दिलं की दोन्ही नावं लगेच तोंडात बसतात. ‘झेडएच’ दिसला की मराठी माणूस हमखास ‘झ’ म्हणतो. तो उच्चार मराठी ‘ळ’च्या जवळचा आहे. मुकुंदन यांचं गाव मय्यळी, म्हणजे माहे. १६ जुलै १९५४पर्यंत ते फ्रेंचांच्या ताब्यात होतं आणि आजही नकाशात केरळने वेढलेलं, पण कारभाराने पुदुच्चेरीचं आहे. ‘मय्याझी’ असा उच्चार ऐकला तर तिथला माणूस दुसरंच गाव समजेल. ‘ळ’ आपल्याकडे आहे, हिंदीवाल्यांना तो घोटवावा लागतो. एवढा फायदा तरी घ्या.

नात्याचे शब्दही पहिल्या बैठकीतच फळ्यावर लिहा. अच्छन म्हणजे वडील, एट्टन म्हणजे थोरला भाऊ, चेच्ची म्हणजे थोरली बहीण. एट्टन हा शब्द बायको नवऱ्यालाही वापरते, आपल्याकडच्या ‘अहो’च्या जागी. हे माहीत नसलं की कुठल्याही मल्याळम कथेत नवऱ्याचा भाऊ होतो आणि मग पुढची वीस पानं नाती सोडवण्यात जातात.

शीर्षकावर दहा मिनिटं द्या, ती फुकट जात नाहीत. मल्याळम नावातला ‘कळ’ हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे, म्हणजे गाथकळ म्हणजे गाथा, पुष्कळ गाथा. तुकोबांची गाथा घरात असलेल्या वाचकाला हा शब्द भाषांतराशिवाय कळतो. इंग्रजी अनुवादाने नाव बदलून ‘सोलिलोक्वी’ केलं, म्हणजे स्वगत. दोन्ही नावं खरी आहेत, पण पुस्तकाची वेगवेगळी अंगं दाखवतात. सहदेवन मनातल्या मनात स्वतःशी बोलत राहतो, वाद घालतो, स्वतःला टोकतो, आणि दिल्लीवर कादंबरी लिहायचं त्याच्या डोक्यात असतं. हे स्वगत वाचताना लोकांची हमखास गल्लत होते : समोर दुसरं कोणी बोलतंय असं वाटतं. उपाय सोपा आहे. असं एखादं पान दोघांनी मोठ्याने वाचायचं, एकाने निवेदन, दुसऱ्याने मनातलं. दोन पानांत कान तयार होतो.

साहित्य फारसं लागत नाही. एक चार्ट पेपर, दोन रंगांची स्केचपेनं, एक शंभरपानी वही. चार्ट पेपरची लांब बाजू साधारण ७० सेंटिमीटर असते. दर वर्षाला अडीच सेंटिमीटर धरले की १९५९ ते १९८४ ही पंचवीस वर्षं साडेबासष्ट सेंटिमीटरमध्ये बसतात, कडेला समासही उरतो. मधल्या रेघेच्या वर दिल्ली, खाली मुंबई. वर ऑक्टोबर १९६२ला चीनचं युद्ध, मे १९६४ला नेहरूंचं निधन, जून १९७५ला आणीबाणी. खाली १ मे १९६०, १९ जून १९६६ला शिवसेना, जानेवारी १९८२ला गिरणी संप. आधीच सगळं भरून आणू नका. कादंबरीत घटना आली की त्या बैठकीत ती लिहायची, आणि खाली आपल्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते ज्याला माहीत असेल त्याने सांगायचं. तयार तक्ता लावला की बैठकीचा इतिहासाचा तास होतो. कोणीतरी मोबाइल काढून युद्धाच्या तारखा वाचू लागतो आणि सहदेवन कोपऱ्यात पडतो.

वही त्याहून महत्त्वाची. तिच्यात हिशेब मांडायचा. पाच रकाने पाडा : राहणं, जेवण, गावी पाठवलेलं, उसनं, आणि दुसऱ्या गाववाल्यासाठी केलेला खर्च. पुस्तकात आकडा आला तर आकडा, नाही तर नुसती फुली. शेवटच्या रकान्यावर डोळा ठेवा, कारण नव्याने आलेल्याला कोण ठेवून घेतं, कोण जेवू घालतं, कोण साहेबाकडे शब्द टाकतं, यावरच परगावच्या माणसाचं शहर उभं राहतं.

मुंबईच्या मराठी वाचकाला हे दार ओळखीचं आहे. लालबाग-परळच्या गाळ्यांत एकेका गावाची खोली असायची, वळकट्या भिंतीला, ट्रंका फळीवर, रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर आडवा. खानावळीचा डबा, आणि पगार झाला की पोस्टासमोर रांग. कोकणातल्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत अजून मनीऑर्डरच्या पावत्या सापडतात. अंगठ्याएवढा गोल शिक्का, फिकट शाईतली रक्कम, आणि संदेशाच्या जागेत कोंबलेल्या दोन ओळी : पैसे मिळताच पोच कळवणे, कौलांचं पाहून घेणे. कोणाच्या घरी अशी पावती असेल तर दुसऱ्या बैठकीला आणायला सांगा आणि हातोहात फिरवा. सहदेवन समजायला त्या दोन ओळी पुरतात. ‘शहराने त्याला काय दिलं?’ असा प्रश्न टाकला की भाषण मिळतं. ‘या प्रकरणात पैसे कोणी दिले, कोणाला?’ असं विचारा, लोक पानं उलटू लागतात.

साम्य मात्र फार ताणू नका. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी जातो. दिल्लीहून केरळ म्हणजे देशाची दोन टोकं, तेव्हा आगगाडीत काही दिवस काढायचे. शिवाय चाळ डोळ्यांसमोर ठेवून दिल्लीची घरं वाचली की घोटाळा होतो. लाजपतनगर, पटेलनगर या फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहती. तिथे घरमालक तळमजल्यावर, भाडेकरू वर. गच्चीवरच्या एकट्या खोलीला दिल्लीत बरसाती म्हणतात. रेनकोट समजून पुढे जाऊ नका, तसं झालेलं आहे. घरमालकही बहुधा आपलं गाव कायमचं गमावून आलेला पंजाबी. म्हणजे एक निर्वासित दुसऱ्या स्थलांतरिताला भाड्याने खोली देतो. पागडीच्या खोलीत पिढ्या काढलेल्या गिरगावकराला हे नातं सवयीचं नाही, म्हणून त्यावर थांबा. सरकारी क्वार्टरांची गोष्ट आणखी वेगळी : नोकरी गेली की घर गेलं. कर्ता माणूस अचानक गेला की बाईमाणसाने मुलं घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न पुस्तक वाचताना मनाच्या वर ठेवा. कुञ्ञिकृष्णन आणि त्याची बायको ललिता, चित्रकार वासू, शरीरविक्रय करणारी रोसिली, या सगळ्यांच्या डोक्यावर कुठलं छप्पर आहे हे दर बैठकीत एकाने टिपून आणावं.

आता अवघड भाग. कधीतरी, बहुधा तिसऱ्या बैठकीला, कोणीतरी बोलून जातं की मल्याळी तर इथेही होतेच, टायपिस्ट, स्टेनो, नर्स सगळीकडे. मग खोलीत एक शांतता पसरते. साठच्या दशकात या शहरात ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ ही घोषणा होती. मद्रासी हा एकच शब्द चार भाषांच्या माणसांना पुरवला जात होता. सहदेवन दिल्लीऐवजी मुंबईत उतरला असता तर १९६६नंतर त्याला हे ऐकावं लागलं असतं. बैठक चालवणाऱ्याने विषय बदलू नये आणि कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करू नये. तक्त्यावर खालच्या बाजूला वर्ष लिहावं आणि विचारावं, आपल्या कचेरीत, चाळीत तेव्हा कोण होतं? त्यांना आपण काय म्हणायचो? आमच्या मते मराठी कट्ट्यावर ही कादंबरी वाचायचं खरं कारण हेच आहे. आपण एकाच वेळी चाकरमानीही आहोत आणि यजमानही. चाकरमानी होऊन वाचणं सोपं जातं, यजमान होऊन वाचायला चिकाटी लागते.

त्याच ओघात खाण्याचं. केरळची कादंबरी म्हणून बैठक माटुंग्याच्या उडपी हॉटेलात घेण्याची टूम निघते. उडपी कर्नाटकात आहे. शिवाय रविवारी सकाळी तिथे बाहेर नावं लिहून लोक उभे असतात, दोन तास टेबल अडवलं तर वेटर बिल आणून ठेवतो आणि त्याचं बरोबरच आहे. माटुंग्याच्या बाजारातून खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स आणा, दहा जणांना अर्धा किलो पुरतात. पुस्तकाला तेलकट बोटं लागू नयेत म्हणून आधी चर्चा, मग वेफर्स.

मधल्या भागात, चौथ्या बैठकीच्या सुमारास, वेग मंदावल्याची तक्रार येते. पात्रं वाढलेली असतात, वर्षं सरत असतात. इथे एकेकाला एकेक पात्र वाटून द्या. तो त्या पात्राचा वहीवाला. आणीबाणीच्या भागासाठी २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ एवढी मुदत तक्त्यावर रंगवून घ्या आणि दिल्लीतल्या पाडापाडीबद्दल, तुर्कमान गेटबद्दल, पाच मिनिटं कोणीतरी माहिती द्यावी. पाचच.

लेखकाचं आयुष्य कितपत आणायचं? मुकुंदन १९४२चे, माहेचे. दिल्लीत फ्रेंच दूतावासात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली, आणि १९६९मध्ये ‘दल्हि’ नावाची कादंबरी आधीच लिहिली होती. एवढं पुरे. सहदेवन म्हणजे मुकुंदन असं गृहीत धरलं की लोक पुरावे शोधू लागतात आणि वाक्यं वाचायची राहतात.

शेवटची बैठक १९८४ची. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पुढचे दिवस शिखांना घरातून ओढून मारलं गेलं. मुंबईकराला इथे १९९२-९३ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि दहा मिनिटांत पक्षांची नावं सुरू होतात. ते टाळायचं तर आधी पुस्तकातली ती पानं सलग मोठ्याने वाचा, मध्ये कोणी बोलायचं नाही. मग वही उघडून शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा : कोणी कोणासाठी काय खर्च केलं होतं, कोणी कोणाला ठेवून घेतलं होतं. त्या रात्री कोणाचं दार कोणासाठी उघडलं आणि कोणाचं नाही, हे विचारा आणि थांबा.

या बैठकीला तीन तास धरा आणि सोसायटीचा हॉल आधीच साडेदहापर्यंत सांगून ठेवा. नाहीतर साडेनऊला वॉचमन दिवे मालवायला येतो, आणि अर्धे लोक जिन्यात उभे राहून बोलत राहतात.