तळटिपांच्या चक्रव्यूहातून सुटका

मार्क डॅनिएलेव्स्कीची ‘हाऊस ऑफ लीव्ह्ज’ (२०००) ही कादंबरी मी दोनदा अर्ध्यात टाकली. माझं लक्ष मिनिटाला उडतं, आणि हे पुस्तक तर त्यासाठीच रचल्यासारखं! आतून मोजलं की बाहेरच्यापेक्षा पाव इंच जास्त भरणारं घर, त्यावरच्या फिल्मबद्दल झंपानो नावाच्या पात्रानं लिहिलेला प्रबंध, त्याखाली जॉनी ट्रुअंट या दुसऱ्या पात्राच्या पानपानभर तळटिपा. टीप वाचून वर यावं तर मूळ वाक्य विसरलेलं.

तिसऱ्यांदा फोन घरी ठेवून रंकाळ्यावर गेलो. दोन बुकमार्क घेतले, एक प्रबंधाला, एक जॉनीला. दोघांच्या अक्षरांचे टाइप वेगळे आहेत, हे मला इतक्या उशिरा दिसलं! मग आधी प्रकरणाचा प्रबंध सलग, नंतर मागं येऊन जॉनी. शुद्ध वाचक नाक मुरडतील, मुरडू देत. नवव्या प्रकरणातल्या नावांच्या लांबलचक याद्या सरळ ओलांडल्या. पुढं काही पानांवर चार-दोनच शब्द, तिथं तर सुसाट सुटलो. मजकूर आडवा-उलटा झाला की पुस्तकच फिरवायचं.

घरी आई म्हणाली, “पुस्तक उलटं धरून काय वाचालायस रं?”

रोज वीस पानं. परवा संपलं. आता खोलीला टेप लावायची हिंमत होईना.