सोलर इन्व्हर्टर आणि बॅटरी बॅकअप नीट चालत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

लाइट गेले आणि दहा मिनिटांत पंखाही बसला, की घरातला पहिला निष्कर्ष ठरलेला: बॅटरी गेली. दुकानदारही बहुतेक वेळा तेच सांगतो. पण १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमतेचं माप) ट्युब्युलर, म्हणजे ॲसिड-पाण्याची बॅटरी काही स्वस्त वस्तू नाही. टर्मिनलवर चढलेला गंज, खाली गेलेलं पाणी, पॅनलवरची धूळ किंवा इन्व्हर्टरमधलं चुकीचं सेटिंग यांनीही बॅकअप अगदी असाच बसतो. म्हणून आधी मोजायचं, मग खर्च करायचा.

मोजायला फार काही लागत नाही. एक डिजिटल मल्टिमीटर, ट्युब्युलर बॅटरी असेल तर काचेचा हायड्रोमीटर (ॲसिडचा घट्टपणा मोजणारी नळी) आणि दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला पाना. मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण दोन टर्मिनलांमध्ये धातू आडवा आला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटावरच तापून लाल होते. गच्चीवरच्या पॅनलची गोष्ट वेगळी आहे. सहा-आठ पॅनल एका साखळीत जोडलेले असतील तर तिथे ३०० ते ४०० व्होल्ट डीसी असतो आणि ऊन असेपर्यंत तो बंद करता येत नाही. त्या वायरींना घरच्या माणसाने हात लावायचा नाही.

लाइट गेले की सोलरही बंद पडतं

ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि बहुतेक वेळा तो बिघाड नसतोच. नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा) लावलेली, बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड सिस्टीम बाहेरची वीज गेल्यावर मुद्दाम बंद होते. ती चालू राहिली तर दुरुस्तीसाठी खांबावर किंवा सबस्टेशनमध्ये काम करणाऱ्या वायरमनच्या हातात तुमच्या गच्चीवरची वीज जाईल. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत ग्रिड पडली, तसं भर उन्हात घडलं तरी असे पॅनल एक बल्बसुद्धा लावू शकत नाहीत. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड, पॅनल आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी लागते.

हायब्रिड असूनही घर अंधारात जात असेल तर इन्व्हर्टरचे आउटपुट पाहा. त्यावर सहसा दोन जागा असतात, एक ग्रिडची आणि एक बॅकअपची. पंखे-दिव्यांची वायर ग्रिडच्या बाजूलाच राहून गेलेली असते. ती हलवणं हे इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे.

बॅटरी: तीन आकडे

पहिला आकडा व्होल्टेजचा. चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून बॅटरी तीन-चार तास तशीच राहू द्या, मग मोजा. १२.५ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ किंवा खाली म्हणजे रिकामी. रात्रभर चार्ज करूनही आकडा १०.५च्या आसपासच अडकत असेल तर एक सेल शॉर्ट झाला आहे. प्रत्येक सेल सुमारे २ व्होल्टचा असतो आणि तेवढेच २ व्होल्ट कमी दिसतात. ती बॅटरी मात्र खरोखर गेली.

दुसरा आकडा ग्रॅव्हिटीचा, म्हणजे ॲसिड किती घट्ट आहे त्याचा. सहाही सेलची झाकणं एकेक करून उघडा आणि हायड्रोमीटरने मोजा. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत १२४०च्या आसपास आकडा येतो, ११९० म्हणजे निम्मी. त्याहून महत्त्वाचा आहे सेलमधला फरक. पाच सेल १२३० आणि एक ११७० असं दिसलं तर तो एक सेल सगळ्या बॅटरीला खाली ओढतोय. सगळेच सेल सारखे कमी असतील तर बॅटरी उपाशी आहे, म्हणजे चार्जिंग पुरेसं होत नाही. तेव्हा दोष पॅनलमध्ये किंवा चार्जरमध्ये शोधायचा. पाणी घातल्या-घातल्या ग्रॅव्हिटी मोजू नका; पाणी वर तरंगतं आणि आकडा खोटा येतो.

पाणी फक्त डिस्टिल्ड. फिल्टरचं नाही, एसीतून टपकणारं नाही, उकळून गार केलेलंही नाही. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं लगेच घाला, बाकीची भर बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. आधीच काठोकाठ भरली तर चार्ज होताना ॲसिड उतू जाऊन ट्रॉलीवर आणि फरशीवर येतं. ग्रॅव्हिटी कमी दिसते म्हणून वरून ॲसिड ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, प्लेटा लवकर खराब होतात.

तिसरा आकडा लोडखालचा. मेन बंद करा, सुमारे ३०० वॅटचा लोड द्या (तीन साधे पंखे आणि काही दिवे) आणि दहा मिनिटांनी थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबांवर मोजा. निरोगी १५० एएच बॅटरी १२ व्होल्टच्या आसपास टिकते. ती ११.५च्या खाली घसरली तर क्षमता संपत आली आहे.

लोड तसाच चालू ठेवून आता मीटर इन्व्हर्टरच्या टोकाला लावा. खांबांवर ११.९ आणि इन्व्हर्टरपाशी ११.३ आलं, तर मधले ०.६ व्होल्ट जोडणीत जळतायत. साधारण १०.५ला इन्व्हर्टर कट-ऑफ घेतो. म्हणजे बॅटरीत अजून ११.१ असतानाच त्याच्या लेखी ती रिकामी होते आणि लाइट जातात. ०.२ व्होल्टहून जास्त फरक असला की जोडणी उघडून साफ करायचीच.

मुंबईच्या दमट, खारट हवेत हा दोष जास्त होतो. आधी इन्व्हर्टर आणि पॅनलचा डीसी स्विच बंद करा. निगेटिव्ह वायर आधी काढा, मग पॉझिटिव्ह. सेलची झाकणं घट्ट बंद आहेत ना ते बघा, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने पांढरा-हिरवा थर घासा. फेस येणं थांबलं की पुसून कोरडं करा. लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) काळा पडला असेल किंवा वायर लगपाशी कडक होऊन तडकली असेल तर ते टोक कापून नवा लग क्रिम्प करून, म्हणजे खास यंत्राने दाबून घ्या. पक्कडीने दाबलेला लग पुन्हा तापतो. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. बोल्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी लावली तर ती दोन धातूंच्या मध्ये राहते.

दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची सिस्टीम असेल तर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर चार्जर फक्त बेरीज पाहतो. चांगली जास्त चार्ज होते, कमकुवत कायम उपाशी राहते. जुनीला नवी जोड देण्याचा मोह टाळा, वर्षभरात नवीही जुनीच्या पंक्तीला बसते.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. चार्ज होताना ट्युब्युलर बॅटरीतून हायड्रोजन निघतो. वनरूम-किचनमध्ये जागा नाही म्हणून ती बंद कपाटात किंवा देवघराखाली ठेवतात. निरंजन, उदबत्ती आणि हायड्रोजन एकत्र नकोत. ती खिडकीजवळ, हवा खेळेल तिथे हलवा. कुजक्या अंड्यासारखा वास आला किंवा बॅटरीची बाजू फुगली, तर इन्व्हर्टरचं बटण दाबण्याआधी खिडक्या उघडा. मग बॅटरीपासून दूर असलेल्या मेन बोर्डावरून चार्जिंग तोडा आणि माणूस बोलवा.

लिथियम बॅटरीत पाणी आणि ग्रॅव्हिटीचा प्रश्न नाही, तिथे त्रास देतो तो बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) आणि सेटिंग. टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसला तर घाबरू नका, बीएमएसने दार बंद केलेलं असतं. बरेचदा योग्य चार्जर लावला की ती जागी होते. इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार 'ट्युब्युलर' राहिला असेल तर त्याचा जास्त व्होल्टेज बीएमएसला सहन होत नाही आणि तो भर चार्जिंगमध्ये बॅटरीची जोडणी तोडतो. प्रकार 'लिथियम' करा आणि व्होल्टेज बॅटरीच्या पुस्तिकेतलेच भरा.

पॅनल कमी देतंय असं वाटतं

आधी अपेक्षा नीट करून घेऊ. पॅनलवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. मुंबईच्या गच्चीवर पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के शक्ती कमी होते, म्हणजे नुसत्या उष्णतेनेच १२ टक्के गेली. १ किलोवॅटच्या पॅनलने स्वच्छ दुपारी ७५०-८०० वॅट दिले तर ते उत्तम चाललंय. वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून खूप कमी.

दुसरा गैरसमज: दुपारी एक वाजता डिस्प्लेवर फक्त ५० वॅट. ग्रिडला वीज न पाठवणाऱ्या सिस्टीममध्ये बॅटरी भरली आणि घरात लोड नसेल तर पॅनलची वीज घ्यायलाच कुणी नसतं. मिक्सर किंवा इस्त्री इन्व्हर्टरला झेपेल एवढीच लावा आणि आकडा पाहा. तो उसळला तर पॅनल ठीक आहे.

नाही उसळला तर डिस्प्लेवरचा पीव्ही, म्हणजे पॅनलचा व्होल्टेज बघा. १४४ अर्ध्या सेलच्या ५४० वॅटच्या पॅनलचा उघडा (लोड न लावता मोजलेला) व्होल्टेज ४९-५० असतो, जुन्या ३६ सेलच्या छोट्या पॅनलचा २१-२२. एका पॅनलमध्ये सहसा तीन बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारे) असतात. एक डायोड शॉर्ट झाला की त्या पॅनलचा एक तृतीयांश व्होल्टेज, म्हणजे मोठ्या पॅनलचे १६ व्होल्ट, नाहीसे होतात. व्होल्टेज पूर्ण आणि करंट कमी असेल तर धूळ, कबुतरांची विष्ठा किंवा सावली.

सावली ऋतूप्रमाणे हलते, म्हणून मे महिन्यात पॅनल बसवून 'सावली नाही' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. मुंबईत १५ मे आणि २७ जुलैच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरात तो दुपारीही सुमारे ४७ अंशांवरच असतो, आणि पॅनलच्या दक्षिणेला असलेल्या २ मीटर उंच टाकीची सावली जवळजवळ तेवढीच लांब पडते.

धुणं सूर्योदयाआधी, मऊ कापडाने, नुसत्या पाण्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर शेवटी पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग बसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, विशेषतः शेजारी बांधकाम असेल तर, दर आठ-दहा दिवसांनी धुवा.

पावसाळ्यात येणारे एरर

सकाळी 'आयसोलेशन फॉल्ट' (वायरीतून जमिनीकडे गळती) आणि दुपारी आपोआप ठीक, हे लक्षण जवळजवळ नेहमी ओलाव्याचं असतं. एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या वायरी जोडणारा प्लग) पूर्ण 'टक' होऊन बसलेला नसतो, दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घुसवलेले असतात, किंवा वायर पत्र्याच्या कडेला घासून सोललेली असते. एरर रीसेट करत राहू नका. पाऊस थांबल्यावर तंत्रज्ञाकडून साखळी तपासून घ्या. डीसी बॉक्समध्ये वायरी खालून, ग्लँडमधूनच (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत गेल्या पाहिजेत. वरून भोक पाडलेलं असेल तर पाणी वायरीवरून थेट आत उतरतं. त्याच बॉक्समधल्या एसपीडीची (विजेचा झटका अडवणाऱ्या भागाची) खिडकी हिरवी आहे ना पाहा. लाल झाली असेल तर तंत्रज्ञाकडून कार्ट्रिज बदलून घ्या, पुढच्या विजेच्या कडकडाटात इन्व्हर्टरला आडोसा राहिलेला नाही.

सेटिंगचंही तसंच. बिल वाचावं म्हणून अनेकांनी सोलर आधी, मग बॅटरी, शेवटी मेन असा क्रम ठेवलेला असतो. आठ महिने तो योग्य आहे. जूनमध्ये मात्र पॅनल बॅटरी भरू शकत नाही, संध्याकाळी ती रिकामी होते, आणि मुसळधार रात्री लाइट गेले की हाती काही उरत नाही. जून ते सप्टेंबर मेनमधूनही चार्जिंग सुरू ठेवा आणि बॅटरी अर्धी झाली की मेनवर परत जाण्याचं सेटिंग करा.

लाइट गेल्यावर आरसीसीबी पडतो

आरसीसीबी म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. जुन्या इमारतींत हे हमखास होतं. इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल बाकीच्या घराच्या न्यूट्रलशी कुठल्यातरी स्विचबोर्डात एकत्र बांधलेला असतो. फेजमधून गेलेला करंट त्याच वाटेने परत आला नाही की आरसीसीबीला ती गळती वाटते आणि तो पडतो. उपाय एकच, बॅकअप सर्किटचा न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळा. आरसीसीबी काढून टाकून काम भागवणारा इलेक्ट्रिशियन घरात घेऊ नका.

मेन असतानाही इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर उडी मारत असेल तर तो 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. त्या मोडमध्ये तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर काही स्वीकारत नाही. कॉम्प्युटर नसेल तर साधा मोड पुरतो. ओव्हरलोडला मात्र बहुतेकदा फ्रिज कारणीभूत असतो. चालताना १५० वॅट घेणारा कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या पाच-सात पट खेचतो आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर, ज्याची खरी ताकद ७०० वॅटच्या आसपास, हात वर करतो.

कंपनीला फोन कराल तेव्हा एरर कोडचा फोटो, सीरियल नंबर, एरर येण्याची वेळ आणि वर मोजलेले आकडे तयार ठेवा. माणूस योग्य पार्ट घेऊनच येतो. बॅटरी खरंच बदलावी लागली तर जुनी भंगारवाल्याला देऊ नका. ती फोडून शिसं काढताना ॲसिड गटारात जातं. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करणं उत्पादकांवर बंधनकारक आहे, आणि नवी घेताना डीलर जुनीची किंमतही वजा करून देतो.