बुटका मानकुराद घडवायचा असेल तर

गोव्याच्या मानकुराद आंब्याच्या जुन्या झाडावर चढणारा माणूस आता डिचोलीत शोधूनही मिळत नाही. आमच्या कुळागरातली, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतली, झाडं माडांच्या उंचीला गेलीत आणि शेंड्याकडचे आंबे माकडं नि वटवाघळंच खातात. मुळाशी पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखणारं औषध ओतून किंवा छाटणी करून झाड आखूड ठेवता येतं, पण तो गुण पुढच्या कलमात उतरत नाही. बुटकेपणा जातीतच हवा. तो संकरातून आणायचा.

त्यासाठी जोडीदार आम्रपाली. दशहरी आणि नीलमच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ती तयार झाली. झाड इतकं आटोपशीर की अडीच मीटरवर लावतात, आणि दरवर्षी धरतं. आमचा मानकुराद एक वर्ष भरभरून देतो नि पुढच्या वर्षी रुसतो, म्हणून हा गुणही हवाच.

आई आम्रपालीच करा, मोहोर हाताशी येतो. ती उशिरा मोहोरते, तेव्हा मानकुरादचा शेवटचा मोहोर परागासाठी राखून ठेवा.

आता खरं काम. एका मोहोरात हजारो फुलं, त्यातली बरीचशी नुसती नर. भिंग घ्या. मधोमध पिवळसर गोल बीजांडकोश आणि त्याच्या कडेने निघालेली बारीक काडी दिसली की ते फूल आपल्या कामाचं. दुपारनंतर बसा. उद्या सकाळी उमलतील अशा फुगीर कळ्या ठेवा, उमललेली नि नर फुलं खुडून टाका. बारीक चिमट्याने पाकळ्या बाजूला केल्या की सहसा एकच धड पुंकेसर असतो, क्वचित दोन. टोक गुलाबी आहे तोवरच तो उपटा. जांभळं पडून भुकटी सुटली असेल तर ती कळी फेका, मोह धरू नका. मग मलमलची पिशवी बांधा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकुरादची ताजी फुलं आणा. ऊन चढलं की पराग सुटतो. फूल चिमट्यात धरून त्याच्या पुंकेसराचं टोक आम्रपालीच्या फुलातल्या काडीच्या अग्रावर हलकेच टेकवा, पिशवी परत बांधा आणि तारीख नि दोन्ही नावं पेन्सिलीने लिहून चिठ्ठी लावा. शाई पुसते. एकाच मोहोरात ढीगभर कळ्या ठेवू नका, मोहोर जास्त घ्या, कारण शंभर फुलांमागे एक आंबाही हाती लागेलच असं नाही. तुडतुडे आणि भुरीवर लक्ष ठेवा. फळ मोठं झालं की जाळीची पिशवी घाला.

आंबा पिकला की बाठा वाळू देऊ नका. आठवड्याभरात टरफल जपून सोलून लावा. या जातींच्या बाठ्यातून एकच रोप येतं आणि प्रत्येक रोप वेगळं निघतं. इथे थंडीच्या मुलखातल्या पीचचा हेवा वाटतो. तिथे एका अप्रभावी जनुकामुळे येणारा बुटकेपणा आहे, त्यामुळे दुसऱ्या पिढीत साधारण चारात एक रोप बुटकं निघतं. आंब्यात असं साधं गणित नाही, म्हणून रोपं जितकी जास्त तितकं बरं.

पेरं आखूड, पानं गर्द आणि दाट असलेलं रोप ठेवा. पानं फिकट नि खोड लुळं असेल तर ते बुटकं नसून आजारी आहे. रोपाला फळ यायला सहा-आठ वर्षं किंवा जास्तही लागतात. चव आधी कळावी म्हणून त्याची फांदीची काडी मोठ्या झाडावर कलम करून बांधा, पण उंचीचा निवाडा तिथे करू नका. जोरदार झाडावर बुटकी काडीही फोफावते. मूळ रोप जमिनीत वाढू द्या.

चवीत मी तडजोड करत नाही. आम्रपालीचा गोडवा आला पण मानकुरादचा वास नि किंचित आंबूसपणा हरवला, तर झाड कितीही ठेंगणं असो, नाही म्हणते. गरात रेषा दिसली तरी नाही.

जे उरेल त्याची कलमं दोन-तीन वेगळ्या जमिनींत लावा: एक कातळावर, एक भाटात (माडांच्या बागेत), एक कुळागरात. सगळीकडे ठेंगणंच राहिलं, तर २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणीचा अर्ज करता येतो. झाडांना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं. अर्जात जात वेगळी, एकसारखी आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. चिठ्ठ्यांवरच्या तारखा वहीत उतरवून ठेवा त्या यासाठीच.