अर्धा चमचा मीठ कुठे गेले? आरोग्याची माहिती ऑनलाइन देताना या चुका टाळा

वर्डप्रेस (साइट बनवायला), कोबोटूलबॉक्स (फॉर्म भरून घ्यायला), ओपनस्ट्रीटमॅप (नकाशासाठी) ही मुक्त साधने वापरून सोलापुरातले एखादे मंडळ किंवा छोटा दवाखानाही दोन दिवसांत आरोग्य माहितीची साइट उभी करू शकतो. साइट बंद पडली तर लगेच बोंब होते. आकडा चुकला तर कुणाला पत्ताही लागत नाही. पान नीट उघडते आणि लोक ते भराभर पुढे पाठवतात. म्हणून इथे भर आकड्यांवर आहे.

जुन्या फॉन्टमधल्या फायली

कार्यालयांतल्या जुन्या सूचना बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या असतात. साइटवर चिकटवल्या की त्यांची गिचमिड होते, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. मग मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या रूपात, करून घेतला जातो आणि खरी गफलत तिथे होते. कृतिदेवमध्ये ½ या चिन्हाच्या जागी बंद होणारा कंस बसवलेला आहे. मूळ फाइलमध्ये कुणी हे चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून घातले असेल, तरी कन्व्हर्टर त्याचा कंसच करतो. तपासणाऱ्याला वाटते कंस चुकून पडला, तो पुसतो. उरते नुसते ‘चमचा मीठ’.

घरगुती जलसंजीवनीचे प्रमाण असे: १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा ५ मिलीचा. मीठ दुप्पट झाले तर जुलाबाने सुकलेल्या बाळाच्या रक्तातले सोडियम वाढते, म्हणजे उपायच अंगावर येतो. तेव्हा अपूर्णांक नेहमी अक्षरांत लिहा. रूपांतर झाल्यावर एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून आकडे जुळवायचे. पाच मिनिटांचे काम आहे, पण नेमके तेच टाळले जाते.

अशीच चूक पाणी शुद्ध करण्याच्या गोळीबाबत होते. ‘घागरीत एक गोळी टाका’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. गोळीची ताकद, किती लिटरला किती गोळ्या आणि गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचे, या तिन्ही गोष्टी एकत्र लिहाव्यात. पहिल्या दोन पाकिटावरून घ्याव्यात.

दाबल्यावर फोन लागत नाही

रुग्णवाहिकेसाठी ‘१०८’ असे मराठी अंकांत लिहिले की पान देखणे दिसते. तोच आकडा दुव्याच्या, म्हणजे दाबल्यावर फोन लावणाऱ्या लिंकच्या, आतही मराठीत गेला तर बऱ्याच फोनवर दाबून काहीच होत नाही. वरचा मजकूर मराठी अंकांत खुशाल ठेवा, दुव्याच्या आत मात्र इंग्रजी अंकच हवेत. सोलापूरचा लँडलाइन कोड ०२१७ आहे. दुव्यात +९१ जोडला की सुरुवातीचा शून्य काढायचा. पडताळणी संगणकावर करू नका. साध्या अँड्रॉइड फोनवर प्रत्येक क्रमांक दाबून पाहा.

नकाशा थेट आर्क्टिक समुद्रात

लसीकरण केंद्रांची यादी यूमॅपवर (ओपनस्ट्रीटमॅपवर आपले ठिपके दाखवणारे साधन) चढवली आणि एकही ठिपका दिसत नाही? नकाशा लहान करून नॉर्वेच्या वर पाहा. सोलापूर साधारण १७.६६ उत्तर अक्षांश आणि ७५.९१ पूर्व रेखांशावर आहे. दोन्हींची अदलाबदल झाली की ठिपके स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात पडतात. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइलमध्ये आधी रेखांश लागतो, आपल्याला सवय आधी अक्षांश म्हणायची, घोळ तिथला. सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल असेल तर स्तंभांची नावे तपासा आणि अंक इंग्रजीच ठेवा.

केंद्रांचे ठिपके दाखवा, रुग्णांच्या घरांचे कधीही नाही. डेंग्यूच्या रुग्णांची माहिती प्रभाग किंवा तालुका पातळीवरच द्यावी. संख्या पाचपेक्षा कमी असेल तर नेमका आकडा न देता ‘पाचपेक्षा कमी’ लिहावे, नाहीतर गल्लीतल्या लोकांना माणूस ओळखता येतो. कोबोटूलबॉक्समध्ये लॉगिनशिवाय फॉर्म भरू देण्याची सोय वेगळी आणि भरलेली माहिती कुणालाही दिसू देण्याची वेगळी. घाईत दोन्ही चालू केल्या जातात. दुसरी बंदच ठेवा.

त्याच फॉर्ममधून उतरवलेली सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठी मजकुराचा चिखल होतो, आणि ५-९ हा वयोगट ‘५ सप्टेंबर’ होऊन बसतो. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना सुरुवातीच्या चौकटीत यूटीएफ-८ (युनिकोडचा प्रकार) निवडा आणि वयोगटाच्या स्तंभाचा प्रकार ‘मजकूर’ करा. एकदा तारीख होऊन जतन झालेला वयोगट परत आणता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी ठेवलेली बरी.

सकाळी ६ ची सूचना साडेअकराला

वर्डप्रेसची वेळ सुरुवातीला जागतिक वेळेवर असते, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सेटिंग्जमध्ये कोलकाता निवडले नाही तर सकाळी ६ ला लावलेली उष्माघाताची सूचना साडेअकराला झळकते. मे महिन्यातल्या सोलापुरात तोवर ऊन डोक्यावर आलेले असते. वेळ बरोबर असूनही सूचना निघाली नाही, तर कारण वेगळे: वर्डप्रेसचे ठरलेले काम कुणीतरी साइटवर आल्यावरच सुरू होते. वर्दळ कमी असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमधून दर १५ मिनिटांनी ते चालवण्याची नोंद करा.

दुसरी भानगड कॅशची, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीची. तुम्ही पान बदलले, पण लोकांना जुनेच दिसते. बदल केल्यावर कॅश पुसा आणि लॉगिन नसलेल्या खिडकीत पाहा. लॉगिन केलेल्या माणसाला बहुधा ताजे पान दिसते, म्हणून चूक करणाऱ्यालाच ती दिसत नाही.

आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपुरात नेटवर्कवर ताण येतो. त्या काळातले पान ३०० केबीच्या आत बसवा: फोन क्रमांक, केंद्रांची नावे, जलसंजीवनीचे प्रमाण, बस्स. पोस्टरचे चित्र टाकून मोकळे होऊ नका. चित्रातला मजकूर शोधात सापडत नाही, अंधांच्या वाचक सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, आणि तारीख नसलेले पोस्टर पुढच्या वर्षीही फिरत राहते.

पानाचा पत्ता मराठीत ठेवला तर देवनागरीचे एकेक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचे होते. वर्डप्रेस असा पत्ता २०० अक्षरांवर कापते, म्हणजे मराठीतली जेमतेम बावीस चिन्हे. व्हॉट्सॲपवर तो लांबलचक शेपटासारखा दिसतो आणि फसवा वाटतो. पत्ता छोट्या इंग्रजी अक्षरांत द्या.

सोलापुरात एकट्या मराठीवर भागत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू. पॉलीलँग या वर्डप्रेसच्या प्लगिनने चारही भाषांची पाने जोडता येतात, पण मराठी पानातला क्रमांक बदलला की बाकी तीन तशीच राहतात. क्रमांक आणि तारखा एकाच सामायिक ब्लॉकमध्ये ठेवा आणि तोच सगळीकडे वापरा. यंत्राने केलेले भाषांतर त्या भाषेच्या माणसाने वाचल्याशिवाय चढवू नका. मजकूर इथल्या घरांना लागू पडतो का तेही पाहा: शहरात पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे ‘पाणी साठवू नका’ हा सल्ला कोण पाळणार? आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून आतली बाजू घासायला सांगा, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात. आणि पिंपाच्या तोंडाला कापड बांधायला.

शेवटी एक चीड आणणारी गोष्ट. पैसे वाचवायला चोरीची थीम (साइटचा तयार साज) घेतली की साइटमध्ये गुपचूप औषधांच्या जाहिराती घुसतात. तुम्हाला त्या दिसत नाहीत, फक्त गुगलला दिसतात. महिन्यातून एकदा गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये आपल्या साइटची कोणती पाने नोंदली आहेत ते पाहा. अनोळखी पाने दिसली तर सगळे पासवर्ड बदला, स्वच्छ बॅकअप चढवा, आणि थीम वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातूनच घ्या. तिथे हजारो फुकट आहेत.